क्लिपरची बॅटरी बसली म्हणण्याआधी मीटर लावा

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकांच्या दवाखान्यात पाचेक वर्षं वापरातला कॉर्डलेस क्लिपर आहे. शस्त्रक्रियेआधी केस काढायला, सोनोग्राफीसाठी पोटाची जागा मोकळी करायला, सलाइन लावताना पायावरची पट्टी साफ करायला तो रोज लागतो. आता रात्रभर चार्ज करूनही दहा-बारा मिनिटांत दम टाकतो. कंपनीने त्याचा बॅटरी पॅक, म्हणजे आतल्या सेलचा जोडलेला गठ्ठा, बनवणं बंद केलंय. जुन्या पॅकवर ‘३.६ व्होल्ट’ एवढंच वाचता येतं. मोबाइल दुरुस्त करणारा म्हणतो, ‘लिथियम सेल घालून देतो, दुप्पट चालेल.’ तर घालावा का?

डॉक्टर, उत्तर आधी देतो आणि कारणं मागून सांगतो. बॅटरी बदलता येते, आणि नीट बदलली तर मशीन पुन्हा पहिल्यासारखं काम देतं. पण आतले सेल निकेलचे, म्हणजे निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, असतील तर निकेलचेच घाला. सेल आणि चार्जर ही जोडी आहे. चार्जर तसाच ठेवून सेलची जात बदलली, तर रात्री दवाखाना बंद असताना टेबलावर आग लागू शकते.

आणि त्याहून आधीचं काम म्हणजे बॅटरी खरंच गेली आहे का, ते बघणं. माझ्याकडे ‘बॅटरी गेली’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये बॅटरी धडधाकट निघते. दोष ब्लेडचा असतो. ब्लेड बोथट झालं, कोरडं पडलं किंवा ब्लेडखाली केसांचा नमदा बसला की मोटरला जोर लागतो. मोटर जास्त करंट ओढते, सेल लवकर उतरतो आणि बॅटरीवर आळ येतो. म्हशी भादरणाऱ्यांच्या मशीनमध्ये हे मी दर दिवाळीला बघतो. पाडव्याला कोल्हापूरकडे म्हशी सजवून मिरवतात, त्याआधी त्यांना भादरतात. अंगावर सुकलेलं शेण आणि माती असते, न धुता तशीच मशीन चालवली की एका म्हशीत ब्लेडची धार जाते. दुसऱ्या म्हशीला मशीन रडतं आणि मालक म्हणतो, बॅटरी घालून द्या.

म्हणून ब्लेड काढा. आतला दांडा जिथे ब्लेडला हलवतो तिथला सगळा कचरा जुन्या टूथब्रशने काढा. नवं किंवा नुकतंच धार लावलेलं ब्लेड बसवा, दोन थेंब क्लिपरचं तेल घाला, आणि ताणाचा स्क्रू असेल तर तो सैल करून केस कापले जातील इतपतच आवळा. मग पूर्ण चार्ज करून चालवा. वेळ दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेला, तर बॅटरीला हात लावू नका. चार्जिंग स्टँडच्या पितळी पट्ट्याही बघून घ्या. दवाखान्यात त्यावर तेल, केस आणि जंतुनाशक फवाऱ्याचा थर बसतो. दिवा लागतो, पण करंट धड पोचत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. ॲडॅप्टरवर छापलेला व्होल्टेज खरंच बाहेर येतो का, तेही मल्टिमीटरने बघा.

हे सगळं ठीक असूनही मशीन बसत असेल, तर मग पॅक उघडायचा आणि मीटर लावायचा. मशीन बंद असताना व्होल्टेज मोजून काही कळत नाही, कारण थकलेला सेलसुद्धा मोकळा असताना रुबाबात व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते मशीन चालू असताना. निकेलचे तीन सेल असतील तर पूर्ण चार्जनंतर मोकळा पॅक चार व्होल्टच्या वर असतो. मोटर चालू केल्यावर तो थोडा उतरून साडेतीन-पावणेचारच्या आसपास बराच वेळ थांबायला हवा. तो झरझर तीनच्या खाली गेला आणि मशीन बंद करताच पुन्हा वर चढला, तर सेलचा आतला अवरोध वाढला आहे. असा सेल करंट देऊ शकत नाही.

त्यानंतर मशीन मंदावेल तोवर चालवा, बंद करा आणि लगेच प्रत्येक सेल वेगळा मोजा. बहुतेक वेळा दोन सेल १.२ च्या जवळ असतात आणि तिसरा अर्ध्या व्होल्टवर, शून्यावर, कधी चक्क उलट्या चिन्हाचा. हा तिसरा सेल इतरांच्या आधी रिकामा होतो. उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. असं रोज झालं की तो कामातून जातो. ‘मग तो एकच बदला की,’ असं गिऱ्हाईक म्हणतं. मी बदलत नाही. नवा सेल दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसला की उरलेल्या दोघांतला कमजोर सेल पुढच्या काही महिन्यांत तीच गत करून घेतो, आणि मशीन पुन्हा उघडावं लागतं. बदलायचे तर सगळे, एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच लॉटचे.

आता ते ‘३.६ व्होल्ट’. इथे भलेभले फसतात. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा, तीन जोडले की ३.६. लिथियम-आयनचा एकच सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. म्हणजे लेबलवर आकडा तोच, आत दोन अगदी वेगळ्या वस्तू. म्हणून लेबलवर विसंबू नका, सेल मोजा. तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले दिसले तर निकेल, एकच जाडा सेल दिसला तर लिथियम. दोन सेलवर २.४ लिहिलं असेल तर निकेलच, आणि ७.२ असेल तर पुन्हा मोजायला हवं, कारण सहा निकेल किंवा दोन लिथियम, दोन्ही शक्य आहे.

तुमच्या मशीनचं वय आणि रात्रभराचं चार्जिंग बघता आत निकेल-मेटल हायड्राइडचे तीन सेल असतील असा माझा कयास आहे. तसं असेल तर लिथियमला ‘नाही’ का, ते समजून घ्या.

रात्रभर चार्ज करणारी साधी मशीनं सेलला बारीक करंट देत राहतात. ॲडॅप्टर, एक डायोड, एक रेझिस्टर, संपलं. सेल भरला हे कळायची सोयच त्यात नसते. निकेलला ते चालतं. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट असेल तर भरलेला निकेल सेल जादाची वीज उष्णता करून टाकतो, कोमट होतो, आणि तग धरतो. तासाभरात चार्ज करणारे निकेलचे चार्जर हुशार असतात, पण ते वेगळीच खूण बघतात. निकेल सेल भरला की त्याचा व्होल्टेज चढायचा थांबतो आणि काही मिलिव्होल्टने खाली येतो. तो उतार दिसला की चार्जर थांबतो. लिथियम सेल असा उतार दाखवतच नाही. त्याला ४.२ व्होल्टवर अडवायचं असतं, त्यापुढे आतली रचना बिघडते, वायू होतो, आणि पुढे आग. हुशार चार्जर उताराची वाट बघत करंट देत राहील, आणि रात्रभराच्या साध्या चार्जरला तर थांबायची सोयच नाही.

दुसरी बाजू उतरवण्याची. निकेलचं मशीन कधी मोटर थांबेपर्यंत चाललं, तर फार तर सेलचं आयुष्य घटतं. लिथियम अडीच व्होल्टच्याही बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढच्या चार्जला आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका तयार होतो. निकेलच्या मशीनमध्ये खाली अडवणारं काहीच नसतं.

मोबाइलवाला म्हणेल, मी चार्जिंगचा छोटा बोर्ड टाकतो ना. बाजारात टीपी४०५६ नावाच्या आयसीचा स्वस्त बोर्ड मिळतो, तोच सगळे वापरतात. तो ४.२ व्होल्टवर थांबतो हे खरं. पण तो जसा येतो तसा एक अँपिअरने चार्ज करतो, आणि क्लिपरच्या पोटात मावणारा छोटा लिथियम सेल सातशे-आठशे मिलिअँपिअर तासांचा (हे क्षमतेचं माप) असतो. त्याला एक अँपिअर जड जातो. बोर्डवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २.४ चा घातला तर करंट अर्धा होतो, पण हे करणारा मला क्वचित भेटला. शिवाय संरक्षण देणारा भाग मोटर सुरू होतानाचा झटका शॉर्ट समजून पुरवठा तोडतो. म्हणजे जनावर भुलीखाली आणि मशीन बंद. जुना स्टँड तसाच राहिला आणि नव्या माणसाने सवयीने त्यावर मशीन ठेवलं, तर आणखी गोंधळ. घरच्या प्रयोगासाठी कुणी समजून-उमजून करत असेल तर करू दे. दवाखान्याच्या मशीनला मी ते करून देत नाही.

उलट प्रकार असेल, म्हणजे मशीन मुळात लिथियमचंच असेल, तर लिथियमच घाला, पण जुन्या संरक्षण बोर्डसकट. नुसता सेल बदलायचा, बोर्ड काढून टाकायचा नाही. सेल घेताना १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, १४५०० म्हणजे १४ जाड आणि ५० लांब, हे आकडे लक्षात ठेवा. मोटरसाठी जास्त करंट देणारा, ड्रिल मशीनमध्ये वापरतात तसा सेल लागतो. पॉवर बँकेतला सेल क्षमतेला मोठा असतो, पण मोटरला जोर लागला की साथ देत नाही. आणि १८६५० वर ९९०० मिलिअँपिअर लिहिलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. चांगल्या कंपन्यांचे सेल साधारण साडेतीन हजारांपर्यंत असतात. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे-मागे भरतो, नकली हलका लागतो. लिथियम सेलवर भारतीय मानक ब्यूरोचा आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.

निकेल-कॅडमियमच्या जागी मेटल हायड्राइड चालतं का, हेही लोक विचारतात. व्होल्टेज एकच, त्यामुळे रात्रभराच्या साध्या चार्जरवर चालतं. तासाभराच्या चार्जरवर मी टाळतो, कारण मेटल हायड्राइडचा तो भरल्यावरचा उतार आणखी लहान असतो आणि कॅडमियमसाठी बनवलेला चार्जर तो चुकवू शकतो.

क्षमतेची हाव इथेही नडते. समजा जुना सेल ७०० मिलिअँपिअर तासांचा आहे आणि चार्जर ७० मिलिअँपिअर देतो. तो भरायला सुमारे चौदा तास लागतात, कारण दिलेली सगळी वीज सेलमध्ये मुरत नाही, चाळीस टक्के जादा द्यावी लागते. त्याच जागी २००० चा सेल घातला तर त्याच चार्जरवर चाळीस तास लागतील. सकाळी मशीन उचललं तर सेल अर्धाही भरलेला नसेल, आणि नवी बॅटरी फसवी निघाली असं वाटेल. मुळात होती त्याच्या आसपासची, फार तर दीडपट क्षमता घ्या. घड्याळात आणि रिमोटमध्ये घालायचे, धन टोकाला उंचवटा असलेले सेल नकोत. ते दीड-दोन मिलिमीटरने लांब भरतात आणि झाकण बसत नाही. सपाट डोक्याचे, टॅग लावलेले, म्हणजे टोकांना धातूची पट्टी आधीच जोडलेले सेल मागा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘टॅगवाला सेल’ म्हटलं की कळतं. जुना सेल सोबत न्या, कारण लांबीत फरक असतो. पूर्ण डबल-ए असतो, त्याचा दोन तृतीयांश लांबीचा असतो, चार पंचमांशचाही असतो.

टॅग का, तर सेलवर थेट सोल्डर करायचं नसतं. तापलेली सोल्डरिंगची इस्त्री सेलच्या टोकावर धरली की आतलं सील आणि पडदा भाजतो. निकेलचा सेल त्यातून वाचला तरी त्याचं आयुष्य कमी होतं, लिथियमला तर थेट सोल्डर म्हणजे धोकाच. जोड स्पॉट वेल्डिंगने निकेलच्या पट्टीचा, आणि वायर त्या पट्टीला सोल्डर. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही निकेल म्हणून विकतात. पट्टीवर पात्याने ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज धरला तर लोखंड.

उघडण्याआधी ब्लेड काढा, प्लग काढा, आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या. लाल वायर कुठल्या टोकाला होती याचा फोटो पुढे दहा वेळा लागतो. आत निळसर-पांढरी भुकटी दिसली तर निकेलचा सेल गळला आहे. ती अल्कली असते, डोळ्यांना वाईट. चष्मा आणि हातमोजे घालून पातळ व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग अल्कोहोलने. लिथियमचा सेल फुगलेला दिसला तर तो टोचायचा, दाबायचा किंवा उपटायचा नाही. थांबा, आणि जाणकाराकडे न्या.

क्लिपर हा थरथरणारा यंत्रप्रकार आहे, आणि इथे टॉर्चची बॅटरी बदलणारा माणूस चुकतो. सेलचं वरचं टोक धन, पण त्याच्याभोवतीची कड आणि सगळं अंग ऋण असतं. मध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं आवरण. पट्टी त्या कडेवरून जाते. महिनाभर थरथरून आवरण घासलं गेलं की पॅक आतच शॉर्ट. म्हणून धन टोकाला कागदी चकती हवीच. तिला बाजारात बार्ली पेपर म्हणतात. वरून श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारं प्लास्टिकचं आवरण, आणि पॅक खोक्यात हलणार नाही अशी फोमची पट्टी. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याने तांबं गंजतं.

बऱ्याच पॅकमध्ये तिसरी बारीक वायर असते, टोकाला मण्याएवढा थर्मिस्टर. सेल किती तापलाय हे तो चार्जरला सांगतो. दुरुस्तीत लोक तो कापतात, किंवा जागेवर न चिकटवता लोंबकळत सोडतात. मग सेल भाजत असला तरी चार्जरला सगळं थंड दिसतं. थर्मिस्टर सेलच्या अंगाला मधोमध, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने घट्ट चिकटलेला हवा. मोबाइलवाल्याकडून काम करून घेतलंत तरी झाकण बसवण्याआधी एवढं स्वतः बघा.

पहिलं चार्जिंग फरशीवर, कागद-कापूस जवळ नसताना, आणि तुम्ही जागे असताना. अर्ध्या-अर्ध्या तासाने हात लावून बघा. निकेल शेवटी कोमट होतो, ते चालेल. हात ठेववत नसेल तर प्लग काढा. लिथियम जेमतेम कोमट व्हायला हवा. निकेलचा नवा पॅक पहिल्या दोन-तीन चार्जमध्ये पूर्ण ताकद दाखवत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका.

पुढचं मशीन घ्याल तेव्हा पॅक हाताने निघणारं घ्या. मोझरचा आर्को, अँडिसचा पल्स झेडआर, हायनिगरचा सफायर, यांचे पॅक खटकन निघतात, एक चार्जिंगला आणि एक हातात. युरोपीय संघाने तर कायदाच केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडेही असा नियम यावा असं मला मनापासून वाटतं. दोन-तीन सेलसाठी चांगल्या मोटरची, चांगल्या गिअरची मशीनं भंगारात जाताना बघवत नाही. निकेलच्या तीन सेलचा खर्च एका चांगल्या ब्लेडपेक्षाही कमी येतो.

आणि जनावराचाही विचार आहे. उतरत चाललेलं मशीन केस कापत नाही, ओढतं. काखेतली, जांघेतली, कासेजवळची पातळ कातडी दात्यांत सापडते. कुत्रं एकदा असं दुखावलं की पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकूनच बिथरतं. म्हणून मशीनचा सूर बदलला की केस ओढले जाईपर्यंत थांबू नका, तिथेच बंद करा.

काही जण ‘मेमरी’, म्हणजे सेलला लागलेली अर्धवट उतरण्याची सवय, जावी म्हणून बटनाला रबर बांधून मशीन रात्रभर चालू ठेवतात. तसं करू नका. वर सांगितलेला तो उलटा चार्ज त्यातच होतो. सूर उतरला की चार्जिंगला लावा, एवढं पुरे. साध्या स्टँडवर निकेलचं मशीन शनिवार-रविवार धरून ठेवू नका, आणि लिथियमचं मशीन एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. आठवडेच्या आठवडे वापर नसेल तर लिथियम अर्धा भरून सावलीत ठेवा.

निघालेले जुने सेल घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नका. कॅडमियम विषारी आहे, आणि अर्धमेला लिथियम पोत्यात शॉर्ट होऊन पेटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ज्या दुकानातून नवे सेल घ्याल तिथेही विचारा.

तर डॉक्टर, उद्या नवं ब्लेड लावून वेळ मोजा. फरक पडला नाही तर पॅक उघडून सेल मोजा आणि फोटो पाठवा. सेलची लांबी, जाडी, वायरी किती, आणि ॲडॅप्टरवर किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर छापलंय, एवढं कळवलंत की नेमका कुठला सेल मागायचा ते सांगतो.